आक्षेप निरंक

बद्रीनाथ जूनमध्ये रजेवर केदारखेड्याला आला की मला भेटल्याशिवाय जात नाही. आखातातल्या एका देशात आपल्या वकिलातीत तो हिशेबनीस आहे. सातवीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. यंदा तो येणार म्हटल्यावर मी कचरूलाही बोलावून ठेवलं. शाळेत दोघं एकाच बाकावर बसायचे.

कचरू गवंडी. सत्याहत्तरच्या दिवाळीनंतर तो त्याच देशात परांचीवरून पडला आणि त्याच्या नडगीचं हाड मोडलं. ठेकेदाराने काम गुंडाळलं, ह्याला एका खोलीत टाकून दिलं. जानेवारीत त्याने वकिलातीकडे अर्ज केला, मला घरी पाठवा. फेब्रुवारीत उत्तर आलं की चालू वर्षात तरतूद नाही, एक एप्रिलनंतर विचार करू. एप्रिलात तिकीट मिळालंही. पण मार्चमध्येच जखम सडली होती आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता.

त्याची आई चांगुणाबाई जानेवारीत घरामागची जागा विकून तिकिटाचे पैसे पाठवायला निघाली होती. मीच तिला थांबवलं. म्हणालो, "बद्रीनाथ आहे ना तिथं. सरकारचं काम आहे, सरकार करील."

आता खासदारांचे चिटणीस म्हणत होते की संसदेत प्रश्न विचारता येईल, भरपाईचंही बघता येईल, पण आतल्या माणसाचा एक तरी कागद आणा. तो कागद बद्रीनाथच देऊ शकत होता.

तो आला, पाया पडला, मला शाईचं पेन दिलं. कचरूला पाहून जरा थबकला.

"कसा आहेस?"

"अर्धा हाय," कचरू म्हणाला. "बसा साहेब. बाकावर आता जागा लई झाली."

चहा आला. बद्रीनाथ कपातच बघत होता. त्याला बोलतं करावं म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, "यंदा हिशेबतपासणी कशी झाली?"

त्याचा चेहरा खुलला. "आक्षेप निरंक, गुरुजी. एक ओळसुद्धा नाही. बाकीच्या वकिलाती मार्चअखेर धावाधाव करतात. उरलेला पैसा मुदतीत परत केला नाही तर जाब द्यावा लागतो. आम्ही एक्केचाळीस हजार जानेवारीतच परत केले. साहेबांना दिल्लीहून शाबासकीचं पत्र आलं."

"कोणत्या खर्चातले उरले?"

मी मुलांना विचारतो तसं, सहज विचारलं होतं. त्याने कप खाली ठेवला.

"सांग की," कचरू म्हणाला.

"अडचणीत सापडलेल्या नागरिकांना मायदेशी पाठवण्याच्या."

"म्हंजी माझे."

"तुझे असं नसतं रे. तुझा अर्ज आला चोवीस जानेवारीला. पैसे पंधरालाच परत गेले होते."

"मंग मागून घ्यायचे."

"मागता येतात. पण आमचा अंदाज चुकला, असं लिहून द्यावं लागतं. नऊ दिवसांत अंदाज चुकला म्हटलं तर दिल्ली काय म्हणेल? साहेब नको म्हणाले."

"आन् ते पत्र? तरतूद न्हाई म्हून आल्तं ते?"

"मीच टाइप केलं." बद्रीनाथ माझ्याकडे बघून म्हणाला, "खोटं नव्हतं, गुरुजी. त्या दिवशी तरतूद खरंच नव्हती."

"बराबर हाय," कचरू म्हणाला. "त्या दिवशी मला पाय बी होता."

मी कागद काढला. म्हटलं, आत्ता जे बोललास तेवढंच लिहून दे. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. तो लगेच तयार झाला. मीच सात ओळी लिहिल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

त्याने पेन घेतलं. शाळेत गणित सोडवताना तो जिभेचं टोक ओठांत धरायचा, तसंच आताही धरलं होतं. तारखा कार्यालयीन आहेत म्हणून त्या खोडल्या. 'नाकारला'च्या जागी 'पुढील वर्षी विचारार्थ ठेवला' असं लिहिलं. पाय कापल्याची ओळ वैद्यकीय बाब म्हणून काढली. कचरूच्या नावावर काट मारून 'एक अर्जदार' केलं. त्यात लबाडी नव्हती. आपण मित्राला मदत करतो आहोत असंच त्याला वाटत होतं.

"असं लिहिलं की कुणालाच बोट ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे. तेवढं स्वच्छ उतरवून द्या, मी सही करतो."

तीन ओळी उरल्या होत्या. मी त्या उतरवल्या. त्याने खाली सही केली.

कचरूने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत कागद वाचला. मग मला विचारलं, "यात मी कुठं हाय, गुरुजी?"

"एक अर्जदार म्हणजे तूच," बद्रीनाथ म्हणाला.

कचरूने त्याच्याकडे पाहिलं नाही. "ह्यो कागद चिटणीसाला देला तर तो काय म्हणंल?"

मला खोटं सांगता येईना. "म्हणेल, सगळं नियमाप्रमाणे झालं."

त्याने कागदाची घडी घातली आणि ती बद्रीनाथच्या हातावर ठेवली. "तुमच्या फायलीला लावा, साहेब. तिथं कमी पडाया नको."

काखेत कुबडी घेऊन तो उठला. बद्रीनाथ आधार द्यायला पुढे झाला, तसा म्हणाला, "हात लावू नको." आणि ओट्याच्या तीन पायऱ्या बसत बसत उतरला.

चांगुणाबाई घरी कागदाची वाट बघत असणार होती. जागा विकू नको असं तिला मी सांगितलं होतं, तेव्हा हेही मलाच सांगायला हवं होतं. मी चपला घातल्या आणि बद्रीनाथला म्हणालो, "चल माझ्याबरोबर. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला."

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्याची परतीची भोकरदनची मोटार साडेपाचला होती.