शुक्रवारची पायरी

नुकत्या घासलेल्या पायरीवर पाय द्यायचा नाही, एवढं आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही कळतं. माझ्या थोरल्याला, ईनॉकला, कळलं नाही. गॅसच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला आणि कोळशाने माखलेले लाकडी बूट घालून माझ्या पांढऱ्याशुभ्र पायरीवर थयाथया नाचला. तेही पोलिसादेखत.

पोलीस आला होता माझ्या थर्झासाठी. बायकांना मत हवं म्हणून पोरीने टपालपेटी पेटवली होती. तुरुंगात जेवण सोडलं, तर नाकातून नळी घालून पाजलं. मरायला टेकली तेव्हा सात दिवसांसाठी घरी सोडली. अंगात जीव आला की पुन्हा आत. डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले, "आता एकदा जरी नळी घातली, तर तिचं हृदय टिकायचं नाही."

सातवा दिवस शुक्रवार होता, त्याच पहाटे तिला निसटवायचं ठरलं. समोर साध्या कपड्यांतला पोलीस राखणीला. शुक्रवारी मी पायरी घासली नाही तर त्याला संशय येईल, म्हणून पहाटेच बादली नि पायरी पांढरी करायचा दगड घेऊन बसले. खरं सांगायचं तर संशयाचं निमित्त. माझी पायरी काळी राहिलेली मला खपत नाही.

साडेपाचला गिरणीचा भोंगा झाला. गल्ली बायकांनी भरली, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच शाली. थर्झाला लाकडी बूट उचलवेनात, म्हणून अरुंद टाचेचे चामडी बूट घालून, तशीच शाल ओढून ती दारातून त्या गर्दीत शिरली. मी पोलिसाकडे बघत होते. पायरीकडे बघितलंच नाही.

गर्दी ओसरली. पोलीस रस्ता ओलांडून आला. "बाई, पोरीचं तोंड दाखवा."

"झोपलीय. नऊला या."

"रोज खिडकीत दिसते, आज का नाही?"

तो दारापाशी पोचणार, तेवढ्यात ईनॉक त्याला ढकलून पुढे घुसला. मताच्या भांडणावरून वर्षभर बहिणीशी न बोललेला पोरगा! पायरीवर उभा राहून बूट घासायला लागला, डावा, उजवा, पुन्हा डावा.

"मेल्या! तीस वर्षांत तुझ्या बापाची हिंमत झाली नाही!" घासायचा ब्रश मी त्याच्या पाठीत हाणला. डोळ्यांतून पाणीच आलं माझ्या.

पोलीस हसत मागे सरला. "मार खा बाबा पोटभर. नऊला येतो मी."

नऊपर्यंत थर्झा लिव्हरपूलच्या गाडीत होती.

दार लावल्यावर ईनॉक पाठ चोळत पुटपुटला, "तिचा बूट उमटला होता, आई. टाच घराकडे, चवडा रस्त्याकडे. आंधळ्यालाही दिसला असता."

मी बादली उचलली नि पायरी पुन्हा घासायला बसले. त्या टाचेचा विषय मी पाच वर्षं काढला नाही.

थर्झा वाचली, आज शेफिल्डला बायकांच्या सभा घेते. आणि बायकांना मत देणारा कायदा झाला. मतदानाच्या सकाळी ईनॉक मला न्यायला आला. मी ठेवणीतली टोपी घालून दारात उभी. पायरी ओली बघून गडी टुणकन उडी मारून आत यायला निघाला.

"ठेव पाय," मी म्हणाले. "बहिणीला वर्षभर टाकलंस, ते मी विसरणार नाही. पण त्या दिवशी माझ्या पायरीचं वाटोळं केलंस ना, जन्मात तेवढंच एक काम धड केलंयस, गाढवा."