पुसण्यापूर्वी विचारायचे तीन प्रश्न

दवाखान्यांसाठी संगणकाचे प्रोग्राम तयार करणाऱ्या त्या छोट्याशा कार्यालयात तिघे जण बसत असत. सासरे मालक, त्यांचा मुलगा हुशार, आणि जावई बिचारा कामाचा. मेहुणा वयाने धाकटा असला, तरी जिभेने थोरला होता.

जावयाच्या अंतःकरणात एक सल गेल्या वर्षापासून रुतून बसला होता. रुग्णांची रांग लावण्याचा एक प्रोग्राम त्याने एकट्याने, जिवाचे रान करून रचला होता. त्याची रिपॉझिटरी, म्हणजे तो प्रोग्राम आणि त्यात वेळोवेळी झालेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास, ज्या फोल्डरात होती, ते फोल्डर मेहुण्याने जागा हवी म्हणून न विचारता पुसून टाकले. जावई पांढराफटक पडला, तेव्हा मेहुणा खो खो हसून म्हणाला होता, "अहो भावोजी, कचरा होता तो! कचऱ्यासाठी कोणी रडतं का?" आणि सासरेही पोट धरून हसले होते. प्रोग्राम त्याने पुन्हा लिहिला. ते हसणे मात्र त्याला पुसता आले नाही.

त्या दिवसापासून जावयाने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. कोणतीही रिपॉझिटरी पुसण्याआधी तो तिला तीन प्रश्न विचारी. तुझ्यात अर्धवट राहिलेले बदल आहेत काय? सर्व्हरवर न चढवलेल्या नोंदी आहेत काय? आणि कोणी काही काम तात्पुरते गुंडाळून बाजूला ठेवले आहे काय? तिन्हींचे उत्तर 'नाही' आले, तरच तो पुसण्याची कळ दाबी.

आणि एके दिवशी मेहुण्याचा संगणक तुडुंब भरला.

"भावोजी," तो जेवायला निघताना म्हणाला, "जुन्या रिपॉझिटऱ्यांचा नुसता उकिरडा झालाय. जरा झाडू मारा ना. त्यात तुमचा हात कोण धरणार!"

"सगळ्या पुसू?"

"सगळ्या. सर्व्हरवर सगळं आहे. तुमचे ते प्रश्नबिश्न विचारत बसू नका, दुपारी दातांच्या डॉक्टरबाई यायच्यात."

जावयाने प्रश्न विचारले. पहिल्या काही रिपॉझिटऱ्या निर्दोष निघाल्या, त्या त्याने पुसल्या. दातांच्या प्रोग्रामच्या जुन्या प्रतीने मात्र तिसऱ्या प्रश्नाला 'होय' म्हटले. क्ष-किरणाचे चित्र पडद्यावर मोठे करून दाखवण्याचा संपूर्ण भाग त्यात बाजूला ठेवलेला होता, आणि तोच पाहायला बाई यायच्या होत्या. बाजूला ठेवलेले काम आपोआप सर्व्हरवर चढत नाही, ही गोष्ट त्या हुशार माणसाच्या गावीही नव्हती.

जावयाच्या कानशिलांत रक्त उसळले. एकवार त्याच्या मनात आले की, मेहुण्याला फोन करून सांगावे. पण लगेच ते हसणे कानात घुमले. त्याने ठरवले की, याला तासभर घाम फोडायचा आणि मग सर्वांसमक्ष खिशातून त्याचे काम काढून द्यायचे. त्याने आपली लहान डिस्क जोडली, ते फोल्डर उघडले, आत दिसणाऱ्या साऱ्या फायली निवडून डिस्कवर उतरवल्या, आणि मूळ फोल्डर कायमचे पुसले.

दुपारी डॉक्टरबाई येऊन बसल्या. मेहुण्याने सर्व्हरवरचा प्रोग्राम उघडला. जिथे दातांचे चित्र दिसायचे, तिथे कोरी चौकट होती. त्याने दोनदा बंद केला, दोनदा उघडला. त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"भावोजी, ती जुनी प्रत... तिच्यात काही होतं का हो?"

जावई खुर्चीला रेलला. वर्षभर घोकलेले वाक्य त्याने शांतपणे उच्चारले. "अरे, कचरा होता तो. कचऱ्यासाठी कोणी रडतं का?"

सासरे हसले नाहीत. मेहुण्याचा चेहरा राखेसारखा झाला, आणि त्या राखेकडे पाहताना जावयाच्या छातीत अशी काही थंडावा देणारी झुळूक शिरली की, तिला तोड नव्हती. बाई घड्याळ पाहून उठल्या. "तयार नव्हतं, तर बोलवायचं कशाला? मी दुसरीकडे बघते," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"पुरे झाली चेष्टा," मेहुणा काकुळतीला आला. "तुम्ही ठेवलं असणार कुठंतरी. पाया पडतो, द्या."

जावयाने डिस्क आपल्या संगणकाला जोडली. फोल्डर उघडून त्याने बाजूला ठेवलेले काम शोधले, पण ते तिथे नव्हते. बदलांचा इतिहास आणि बाजूला ठेवलेले काम ज्यात राहते, ते आतले फोल्डर लपलेले असते, ते डोळ्यांना दिसत नाही. दिसत नव्हते, म्हणून निवडले गेले नव्हते. प्रत्येक रिपॉझिटरीला तीन प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाने स्वतः केलेल्या प्रतीला एकही प्रश्न विचारला नव्हता. क्ष-किरणाचा भाग आता जगात कोठेही नव्हता.

"सापडलं?" मेहुणा त्याच्या खांद्यावरून डोकावू लागला. जावयाने डिस्क उपटली आणि मुठीत दाबली.

"नाही माझ्याकडे."

सासरे जड पावलांनी जवळ आले. "जावईबापू, खरं सांगा. चुकून पुसलंत की मुद्दाम?"

चुकून, असे म्हटले असते, तर मेहुणा रडता रडता हसला असता. तीन प्रश्नांचे शास्त्री आणि साधी प्रत करता येईना! सासऱ्यांनीही पोट धरले असते, घरी बायकोपर्यंत ते हसणे पोहोचले असते, आणि प्रत्येक जेवणाच्या पंगतीत पुन्हा वाढले गेले असते. मुद्दाम म्हटले, तर ही खुर्ची जाणार होती. कदाचित सासरचे दारही बंद होणार होते.

जावयाने मान ताठ केली.

"मुद्दाम," तो म्हणाला.

कोणी हसले नाही. त्याने टेबलावरचा चष्मा आणि पाण्याची बाटली उचलली. दाराशी पोहोचेपर्यंत तो कान देऊन ऐकत राहिला. मागे केवळ मेहुण्याच्या हुंदक्याचा आवाज होता. जिना उतरताना ती कुचकामी डिस्क मुठीत रुतत होती, तरी त्याने मूठ उघडली नाही.