बदकाची बाटली

भूलतज्ज्ञ बाईंनी मान वर केली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टँडवर पुन्हा बदकच लटकत होतं.

बदक म्हणजे सलाइनच्या बाटलीवर चिकटवलेलं पिवळं चित्र. बारा वर्षांपूर्वी मोठ्या सिस्टरांनी ते सुरू केलं होतं. मुलांच्या बाटलीवर बदक असलं की पोरं रडत नाहीत आणि नवीन नर्सही गोंधळत नाहीत. हेतू सोन्यासारखा. पण त्या बाटलीत साखर बरीच आणि मीठ अगदी नावाला. आजारी, ओकणाऱ्या मुलाचं शरीर आधीच पाणी धरून ठेवतं. त्यात असलं अळणी पाणी तासन्‌तास गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदू भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगू लागतो.

तीन महिने बाई कानीकपाळी ओरडत होत्या. मुलांनाही मोठ्यांचंच, पुरेशा मिठाचं सलाइन लावा; साखर लागलीच तर मोजून घालू. परिपत्रक काढलं, भिंतीवर चिकटवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कपाट उघडलं की हात पुन्हा बदकाकडे. पालथ्या घड्यावर पाणी!

"हे कोणी लावलं?"

"वॉर्डातूनच आलंय मॅडम. काल दुपारपासून चालू आहे," मुलीला घेऊन आलेली नर्स म्हणाली. "मुलांचंच आहे की! बदक आहे ना त्यावर."

ऑपरेशनच्या टेबलावरची मुलगी सात वर्षांची. अपेंडिक्स सुजलेलं, कालपासून उलट्या. बाईंनी तिच्या गालावर बोटं टेकवली.

"बाळा, तुझ्याबरोबर कोण आलंय गं?"

"डोकं..." मुलगी पुटपुटली आणि तिचे डोळे मिटले.

बाईंनी बाटलीची चावी बंद केली. "रक्तातलं मीठ तपासायला पाठवा. आत्ता. धावत."

सर्जन हात धुऊन, हातमोजे चढवून तयार होते. "अहो बाई, पुन्हा मीठ? तुम्ही भूल देता की स्वयंपाक करता?"

"स्वयंपाकच समजा. भाजी अळणी झाली तर तुम्ही ताट सरकवता. हिला काय सरकवता येणार?"

"आणि तोवर अपेंडिक्स फुटलं तर?"

"तर तुम्ही पोट धुऊन शिवाल. मेंदू सुजून फिट आली तर काय शिवाल?"

मोठ्या सिस्टर पुढे आल्या. बदकावर बोट ठेवलं की ते त्यांना स्वतःवर ठेवल्यासारखं लागे. "पोर रात्रभर जागलीय मॅडम, पेंगणारच. बारा वर्षं हेच लावतोय आम्ही. झालं का कुणाला काही?"

"मोजलं होतं का कधी?"

दाराबाहेर मुलीची आत्या पदर कमरेला खोचून उभी होती. "आत नेऊन अर्धा तास झाला, अजून सुरुवातच नाही म्हणे! तुमचं आपसात तरी एकमत आहे का?"

"नाही," बाई दारात येऊन म्हणाल्या. त्यांना आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "पण तिला आत्ता भूल देणं धोक्याचं आहे, एवढं मात्र नक्की. थांबा."

रिपोर्ट आला. एकशे चोवीस. हवं होतं एकशे पस्तीसच्या वर. सर्जननी कागद दोनदा वाचला आणि हातमोजे काढून ठेवले.

बाईंनी जास्त मिठाचं थोडं औषध सिरिंजमधून हळूहळू दिलं, मग योग्य बाटली लावली आणि उशाशी स्टूल ओढून दोन तास बसल्या. मध्येच मुलीचा हात थरथरला तेव्हा मोठ्या सिस्टरांनी तो घट्ट धरला, आणि नंतर सोडलाच नाही.

मग मुलीनं डोळे उघडले. "पाणी द्या ना. आणि माझं बदक कुठे गेलं?"

दुसरा रिपोर्ट एकशे एकोणतीस. मीठ हळूहळूच चढवायचं असतं; भूल द्यायला एवढं पुरेसं होतं. आत्याचं नावही तिनं बरोबर सांगितलं. ऑपरेशन झालं, नीट झालं.

संध्याकाळी बाई नवं परिपत्रक घेऊन कपाटापाशी गेल्या, तर मोठ्या सिस्टर जमिनीवर बसून नखानं अळणी बाटल्यांवरची बदकं खरवडत होत्या. खरवडलेल्या बाटल्या परत पाठवायच्या खोक्यात जात होत्या.

"ते कागद राहू द्या मॅडम. इथे वाचतंय कोण? सगळे बदक बघतात." त्यांनी एक नवं बदक पुरेशा मिठाच्या बाटलीवर दाबून बसवलं. "पण ही तर मोठ्यांचीच बाटली. आता मोठ्यांनाही बदक जाणार."

"जाऊ दे!"

दुसऱ्या दिवशी हर्नियाचा एक मिशाळ गृहस्थ टेबलावर आडवा झाला आणि वर बघून दचकला. "डॉक्टर, हे बदक? मला?"

"पडून राहा," सर्जन म्हणाले. "मीठ बरोबर आहे त्यात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "हेच तीन महिन्यांपूर्वी बोलला असतात तर!"