माका उलांडी म्हणालंस?

हसू नका मित्रांनो, पण मी एक उलांडी आहे. जुनी, पांगाऱ्याच्या लाकडाची आणि अजून ठणठणीत! काय म्हणता, उलांडी म्हणजे काय तेच ठाऊक नाही? अरे देवा! मग आधी तेच सांगते. आमच्या मालवणकडच्या जुन्या लाकडी होड्या अंगाने सडपातळ. एका कुशीवर जरा वजन गेलं की झाल्या आडव्या. म्हणून होडीच्या एका बाजूला दोन आडवे वासे बांधतात आणि त्या वाशांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारा एक लांबट ओंडका. तो ओंडका म्हणजे मी. होडी कलू लागली की मी तिला सावरते. एवढंच माझं काम. पण हे एवढंच काम करून बघा कोणी!

मला दाजी सुतारांनी घडवलं, कर्ली खाडीच्या काठी, माडांच्या सावलीत. तासता तासता ते माझ्याशी बोलत. "होडयेक सगळे बघतले, तुका कोण बघूचो नाय. पण तू तिका सोडू नको हां!"

अगदी तस्संच झालं. होडीला दरवर्षी निळा रंग, पुढच्या टोकाला नाळेवर झेंडूची माळ, अंगावर ठळक अक्षरांत 'सातेरी' हे नाव. आणि मला? काजूच्या टरफलांच्या तेलाचा एक हात, तोही उरलासुरला! मी अश्शी रुसायची! पण दोघी पाण्यात उतरलो की माझा राग कुठच्या कुठे पळायचा.

होडी मथुराची. मथुरा म्हणजे वारं प्यालेलं वासरू. तिच्या शेजारी राहणारी सावित्री नेमकी उलटी. दोघी रोज खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायच्या. मथुरा होडी ढकलायला धावली की सावित्री पदर खोचून उभी राहायची. "थांब गो! आधी वारो बघ, पाणी बघ." मग ती माझ्या गाठी एकेक ओढून बघायची. मथुरा कपाळावर हात मारायची. "झाला हिचा पुराण सुरू!" पण दोघींचं गूळपीठ असं, की सावित्रीच्या घरी आजारपण आलं तेव्हा मथुराने दोन्ही घरच्या चुली पेटवल्या. सांगायला लागलं नाही की बोलवायला लागलं नाही.

आता शर्यतीचं सांगते. ते आठवलं की माझ्या लाकडाला अजून झिणझिण्या येतात! आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बायकांची होडी-शर्यत असते. एका होडीत दोघी. धक्क्यावरून निघायचं, वाळूच्या पट्ट्याजवळच्या खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. जी जोडी जिंकेल तिने पुढच्या नारळी पौर्णिमेला खाडीत गावचा पहिला नारळ सोडायचा. केवढा मान! मथुराचा त्या नारळावर जीव अडकला होता. पण ती आणि सावित्री दरवर्षी दुसऱ्याच यायच्या. पुढे कोण? पलीकडच्या वाडीतल्या स्वप्ना आणि नम्रता, आपल्या फायबरच्या रुंद होडीत.

गेल्या वर्षी शर्यतीच्या सकाळी मथुराने होडी वाळूच्या पट्ट्यावर ओढली आणि कोयता घेऊन माझ्या दोऱ्यांपाशी आली. "यंदा उलांडी काढून टाकतंय. पाण्यात नुसती ओढून धरता ती."

सावित्रीचे डोळे विस्फारले. "खुळावलंस काय गो? खांबाकडे ओहोटीची ओढ आसा. वळताना होडी उलटतली!"

"काय होवचा नाय. पूजा आसा ना माझ्याबरोबर."

पूजा म्हणजे मथुराची पुतणी. कुडाळला कारखान्यात कामाला, दंड असे की नारळ हाताने फोडील.

"पूजा?" सावित्री थबकली. "आणि मी?"

मथुराने मान दोऱ्यांकडे वळवली. मग जे तोंडाला आलं ते बोलून गेली. "तू म्हणजे उलांडीच गो! थांब, वारो बघ, पाणी बघ! तुझ्यामुळेच आमी दरवर्षी मागे रवतंव!"

मला तर संतापच आला. उलांडी ही काय शिवी आहे? मथुराने दोऱ्या कापल्या, मला वाळूत लोटलं आणि पूजाला घेऊन गेली. सावित्री माझ्यावर बसली आणि खूप रडली. माझं पाठचं लाकूड खाडीच्या पाण्याविनाच खारट झालं.

दुपारी धक्क्यावर ही गर्दी! म्हाताऱ्या दाजींनी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! आज ह्यो लेकी खाडयेत उतरतत, त्यांका सुखरूप घरी घेवन ये रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळा गाव गरजला आणि शर्यत सुटली.

सावित्री खाडीकडे पाठ करून माझ्यावर बसली होती. पण कान? कान खाडीतच! स्पीकरवरून समालोचन करणारा गुरुदास ओरडत होता. "इली रे इली, सातेरी इली! फायबरक मागे टाकल्यान!" खरंच हो! माझ्याविना माझी होडी तीरासारखी सुटली होती. खोटं कशाला बोलू, मला पोटात दुखलं. आणि तरी मनात म्हणत होते, पळ गो बाये, पळ!

सातेरी सगळ्यांच्या आधी खांबाशी पोचली. मथुराने वळायला वल्हं रोवलं, ओहोटीने होडीचं नाक धरलं आणि फर्रकन् सगळं उलटं झालं! पूजाने पोहत खांब गाठला आणि होडीची दोरी पकडली. मथुराही पट्टीची पोहणारी, पण होडीची कड तिच्या खांद्यावर बसली होती. हात उचलेना. ओहोटी तिला खाडीच्या मुखाकडे, फुटणाऱ्या लाटांकडे ओढत चालली.

"काकी!" पूजा किंचाळली. धक्क्यावर गुरुदास मोटारबोटीकडे धावला, तर इंजिन नेमकं तेव्हाच रुसलं.

आणि सावित्री? जी पाऊल टाकायच्या आधी वारा बघायची, तिने या वेळी वारा बघितला नाही की पाणी बघितलं नाही! तिने मला गडगडत पाण्यात लोटलं, छातीखाली धरलं आणि पाय मारत सुटली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतक्या वेगाने कधी गेले नव्हते! लाटा तोंडावर आपटत होत्या, सावित्रीला धाप लागली होती, पण तिचे पाय थांबले नाहीत. मथुराचं डोकं एकदा पाण्याखाली गेलं. वर आलं. परत गेलं. आणि तेवढ्यात आम्ही पोचलो!

"माका उलांडी म्हणालंस ना?" सावित्री ओरडली. "मगे धर आता उलांडीक! घट्ट धर!"

मथुराने धड असलेल्या हाताने मला कवटाळलं. ती खोकत होती, रडत होती आणि मधेच हसतही होती. "सोडू नको गो माका!"

"सोडूक इलंय काय मी?"

दोघी मला धरून कशाबशा वाळूच्या पट्ट्याला लागल्या. पूजाने होडी ओढत आणली, सरळ केली. एकदाची गुरुदासची बोटही आली. "चला, बसा," तो म्हणाला. "शर्यत कधीच संपली."

"आमची नाय संपाक," मथुरा म्हणाली आणि होडीकडे वळली.

"थांब गो!" सावित्री म्हणाली.

आणि काय आश्चर्य, मथुरा थांबली! सावित्रीने वारा बघितला. पाणी बघितलं. पूजाने वाळूत पडलेले वासे धरले, सावित्रीने मला गुरुदासच्या बोटीतल्या दोरीने बांधलं आणि एकेक गाठ ओढून बघितली. मथुरा जखमी खांदा धरून मुकाट उभी होती. मग सावित्री म्हणाली, "हां, आता चल!"

पूजा आणि सावित्रीने वल्ही मारली, मथुरा मधे बसून करवंटीने पाणी उपसत होती. आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो आणि धक्क्यावर जो काही गलका झाला! स्वप्ना आणि नम्रताला पहिला नंबर मिळाला, तरी शिट्ट्या सगळ्या आमच्यासाठी. म्हातारे दाजी डोळे पुसत माझ्याजवळ आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास!"

यंदाच्या नारळी पौर्णिमेला गावचा पहिला नारळ ठरल्याप्रमाणे स्वप्ना आणि नम्रताने सोडला. मथुराने होडीसाठी आणलेली झेंडूची माळ हातात घेतली आणि सरळ माझ्या गळ्यात घातली. सावित्रीने विचारलं, "ह्या काय गो?"

"उलांडी ती," मथुरा म्हणाली. "तुका म्हणालंय ना. आता जलमभर म्हणतलंय."

सावित्री लाजली आणि माझ्या गाठी तपासू लागली.

मित्रांनो, तुमच्याही कडेला कुणीतरी असेल. तुम्ही सुसाट निघालात की 'थांब' म्हणणारं, तुमचा वेग जरासा कमी करणारं. राग येईल त्याचा. येऊ दे! पण त्याच्या दोऱ्या कापू नका. उलट अधूनमधून गाठी ओढून बघत जा, घट्ट आहेत ना म्हणून. आणि माळ घालायला कुणाच्या बुडण्याची वाट बघू नका.