फुंकरीचे कुलूप

रखमाजी रजेवर असला, की कारखान्याची रुग्णवाहिका आसारामच्या पहिल्याच फुंकरीला सुरू होई. रखमाजी रात्रपाळी करून गेला, की सकाळी तीच गाडी आसारामला दारू प्यायलेला ठरवी. दोघा चालकांपैकी कोणीही दारू पीत नसे.

हे त्रांगडे प्रज्ञाच्या गळ्यात पडले ते सत्त्याण्णवच्या गळीत हंगामात. नगर जिल्ह्यातल्या त्या साखर कारखान्यात मळीपासून स्पिरिट काढण्याचा विभाग, म्हणजे आसवनी, होता आणि तिथे ती रसायनतज्ज्ञ होती. आदल्या हंगामात एका झिंगलेल्या चालकाने उसाची ट्रॉली भर बाजारात घातली होती. त्यानंतर आसपासच्या काही कारखान्यांनी मिळून समिती नेमली. वाहनांना श्वास तपासणारी कुलपे बसवायची आणि ती बसवण्याचे काम परवाना दिलेल्या वर्कशॉपनेच करायचे, असे समितीने ठरवले. परवाना द्यायचा तर आधी परीक्षा हवी. परीक्षेसाठी रुग्णवाहिका निवडली गेली, कारण ती चोवीस तास दोन चालकांच्या हातात असे. परीक्षक म्हणून प्रज्ञाला निवडले, कारण समितीत अल्कोहोलविषयी पिण्यापलीकडची माहिती असलेले दुसरे कोणी नव्हते.

कुलपाची रचना सोपी होती. स्टेअरिंगशेजारी रबराची एक नळी लोंबत असे. चालकाने तिला तोंड लावून फुंकायचे. श्वासात अल्कोहोल नसेल तर हिरवा दिवा लागून स्टार्टरला वीज मिळे. असेल तर तांबडा दिवा लागे. तीनदा तांबडा लागला, की अर्धा तास गाडी जागची हलत नसे. हे यंत्र नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोरक्षने जुळवले होते आणि परवान्यासाठी अर्जही त्याचाच होता.

आसारामला तांबडा दिवा लागू लागला, तेव्हा लोकांनी आधी त्याची चेष्टा केली. तो माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, अंगावर इस्त्रीचा सदरा. "रात्रीची उतरली न्हाई वाटतं, बुवा?" असे दवाखान्याचा शिपाई विचारी. अर्ध्या तासाने गाडी मुकाट सुरू होई, त्यामुळे उतरण्याचा सिद्धान्त सर्वांना पटे. मग एका सकाळी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर पाथर्डीकडची राहीबाई अडली. तिला शेडपर्यंत आणून गाडीत घातले, आसारामने पाळीची पहिली फुंकर मारली आणि तांबडा दिवा लागला. तो तीनदा लागला. अर्ध्या तासाने गाडी निघाली. नगरच्या दवाखान्यात राहीबाई वाचली, मूल वाचले नाही. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणायला हवे होते.

आसारामवर चौकशी बसली. गावातल्या भजनी मंडळींनी त्याला माळ उतरवायला सांगितले. कुलूप बरोबर, असा अहवाल प्रज्ञाने दिला असता तर आसाराम दारुडा ठरून कामावरून गेला असता. कुलूप चूक म्हटले असते तर गोरक्षचा परवाना हुकला असता. तिसरी शक्यता कोणी मांडत नव्हते, कारण ती कोणाला सुचत नव्हती.

"मॅडम, माझं कुलूप खोटं बोलत नाही," गोरक्ष तिला वर्कशॉपमध्ये म्हणाला. "माळ बोलत असेल."

"माळेला सेन्सर नसतो."

"म्हणून तर तिच्यावर लोक विश्वास ठेवतात."

प्रज्ञाला हसू आले, पण तिने ते मोजमापात येऊ दिले नाही. पाण्यात अल्कोहोलचे ठरावीक प्रमाण मिसळून, त्यावरून नेलेली हवा यंत्रात सोडून तिने ते तपासले. यंत्र अचूक होते. मग तिने रुग्णवाहिका तपासली. आत दवाखान्याचा वास कायमचाच होता, मलमपट्टीच्या पेटीत स्पिरिटची बाटली होती. पण त्याच हवेत रखमाजी रोज संध्याकाळी फुंकत असे आणि हिरवा दिवा लागत असे. हवा निर्दोष ठरली.

मग राहिला रखमाजी. तो रजेवर असला की आसारामच दोन्ही पाळ्या करी आणि त्या दिवसांत कुलूप एकदाही अडत नसे, हे लक्षात आल्यावर कामगार अधिकारी तिच्या टेबलापाशी येऊन वाकले.

"रात्रपाळीवाल्याकडं बघा जरा. त्याच्या तोंडचं नळीत राहत असेल. त्या वस्तीत संध्याकाळनंतर..." एवढे बोलून त्यांना आपण कोणाशी बोलतो आहोत याची आठवण झाली. मग ते बराच वेळ काटेकोरपणे हवामानाविषयीच बोलले.

शंका वैज्ञानिकदृष्ट्या रास्त होती, म्हणून प्रज्ञाने ती तपासली. रखमाजी पाळी संपवून उतरला, तेव्हा तिने त्याला पुन्हा फुंकायला लावले.

"म्हंजी माझ्यावर येतंय म्हना की, ताई," तो म्हणाला. तो तिच्या वडिलांच्या वयाचा होता, तिच्याच विहारात येत असे आणि तिला ताई म्हणत असे. आसाराम मॅडम म्हणे.

"कोणावरच यायचं नाही, रखमाजीकाका. कशावर येतंय ते बघतेय."

"विहारात पंचशील घेतलंय म्या. पर ते तुमच्या कुलपाला कुठं ठावं?"

त्याने फुंकले. हिरवा. नळीच्या आतून तिने फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यातही काही सापडले नाही.

मग तिने आसारामला प्रयोगशाळेत बोलावले. चौकशी चालू असेपर्यंत त्याच्याकडे एवढेच काम ठेवले होते, की सकाळी रखमाजीकडून गाडी घ्यायची, सुरू करायची आणि शेडमधून दवाखान्यासमोर आणून लावायची. तो दाराशी उभा राहिला. तिने चहा पुढे केला.

"एकादशी हाय, मॅडम."

आदल्या आठवड्यातही ती चहा देऊ लागली तेव्हा एकादशीच होती. प्रज्ञाच्या खोलीत कॅलेंडर होते. तिने त्याकडे पाहिले नाही. तिने विचारले, रात्री काय खाल्ले, कोणते औषध घेता, काढा, आसव, खोकल्याचे काही? त्याचे प्रत्येक उत्तर नकाराचे होते आणि प्रत्येक नकाराबरोबर त्याचा हात माळेकडे जात होता.

"मॅडम, लई इस्कोट झालाय. बायको भाकरी वाढती, पर बोलत न्हाई. कीर्तनाला गेल्तो, तर लोकांनी सरकून जागा दिली. जागा म्हंजी इतकी, की आजूबाजूला कोनीच न्हाई."

"तुम्ही पीत नाही, हे मला मान्य आहे."

"तुमच्या मान्य असन्यानं काय व्हतंय? दिवा मान्य करत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी शेडमध्ये जाऊन उभी राहू लागली. रखमाजी उतरे, आसाराम चढे, नळी हातात घेई, क्षणभर थांबे आणि डोळे मिटून फुंके. हिरवा. प्रत्येक सकाळी हिरवा. मग मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आसवनी दाखवण्यासाठी तिला एका सकाळी जाता आले नाही, आणि त्या दिवशी तांबडा लागला.

गोरक्ष खूश झाला. "बघा, तुम्ही येणार असं कळलं की घेत नाही. तुम्ही येणार नाही म्हटलं की घेतो."

हे स्पष्टीकरण सर्व निरीक्षणांशी जुळत होते. प्रज्ञाला ते खोडता येईना आणि मान्यही करवेना. असहाय वाटायला पुरावा कमी असावा लागतो, असे तिला आजवर वाटे. इथे पुरावा भरपूर होता आणि तो सगळा एका निरपराध माणसाच्या विरुद्ध जात होता. मात्र एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपण नुसत्या बघत उभ्या आहोत, असे ती धरून चालली होती. प्रत्यक्षात तिचे उभे राहणे हाही प्रयोगातला एक बदल होता. ती समोर असताना आसाराम काहीतरी करत नव्हता.

तिने दोघांनाही सांगितले, की उद्या नगरला जायचे आहे. आणि सकाळी ती वजनकाट्याच्या खोलीमागे जाऊन थांबली. आपल्या वयाच्या, आपल्या शिक्षणाच्या बाईने भिंतीआड लपावे याची तिला लाज वाटली, पण इलाज नव्हता.

रखमाजी गाडीतून उतरून हापशावर तोंड धुवायला गेला. आसाराम चढला. त्याने दार ओढून घेतले, पेटीकडे वळला, पुन्हा पुढे वाकला. थोड्या वेळाने फुंकल्याचा आवाज आला आणि काचेवर तांबडा उजेड पडला.

प्रज्ञा झपझप चालत गेली आणि तिने दुसऱ्या बाजूचे दार उघडले.

"मॅडम!" तो दचकला. "बघा, फिरून त्येच. तुमी हुता तवा..."

तिने नळी त्याच्या हातातून घेतली, तोंडाला लावली आणि फुंकली.

तांबडा.

त्याहून आधी तिच्या जिभेने निकाल दिला होता. आधी गार, मग चरचरीत, मग कोरडे. आसवनीत रोज ती हेच तपासत असे. कारखान्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या स्पिरिटवर शुद्धतेची सही तिचीच असे. आसाराम तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिने नळी न पुसता तोंडाला लावली, याचेच त्याला दिव्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलेले दिसले. त्याच्या डाव्या मुठीत ओला कापूस होता.

"हे काय?"

"नळी पुसली. रोगराई नगं म्हनून. सुई द्यायच्या आधी पुसत्यात तसं."

"स्पिरिटने?"

"व्हय."

"अहो, स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच."

"ते दवाखान्यातलं हाय, मॅडम. दारू न्हवं." हे तो इतक्या खात्रीने म्हणाला, की तिला दोन्ही शब्दांमधले अंतर पहिल्यांदाच दिसले. तिच्या दृष्टीने एकच रेणू होता. त्याच्या दृष्टीने एक वस्तू शुद्ध करणारी होती आणि दुसरी बाटवणारी.

"रोज पुसता?"

"व्हय."

"रखमाजी रजेवर असतो तेव्हा?"

त्याने पेटीचे झाकण लावले.

"मी समोर असताना का पुसत नव्हतात?"

"तुमच्या देखत बरं दिसलं नसतं," तो स्टेअरिंगकडे पाहत म्हणाला.

हापशाचा आवाज थांबला होता. तिला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. पण तो विचारल्यावाचून तपास पुरा होत नव्हता.

"राहीबाईच्या दिवशी?"

आसारामने मूठ उघडली, कापसाकडे पाहिले, पुन्हा मिटली. "ती मागं वरडत हुती. तरी पुसली. हात आपसूकच जातो, मॅडम." आणि मग त्याने तीच मूठ तोंडावर दाबली. आपण काय बोललो, हे त्याला आत्ता ऐकू आले होते.

रखमाजी तोंड पुसत गाडीपाशी आला. प्रज्ञाने त्याला काय सापडले ते सांगितले, जितके कोरडे सांगता येईल तितके. त्याने ऐकून घेतले आणि आसारामकडे न पाहता म्हणाला, "स्टेरिंगबी पुसतो तो माझ्यामागं. कोरड्या फडक्यानं. म्हनून गाडी वळती तरी, ताई."

दोघांनी एकाच गाडीवर अनेक हंगाम काढले होते. आसाराम खाली उतरला आणि कोणाकडे जावे हे न कळून दोघांच्या मधे उभा राहिला. रखमाजीने गाडीची किल्ली बोनेटवर ठेवली, हातात दिली नाही. तो नेहमीच तशी ठेवत असे, हेही तिला त्या क्षणी उमगले.

समितीला कारण ऐकून हायसे वाटले. यंत्र बरोबर होते, चालक प्यायलेला नव्हता, कोणाचीच चूक नव्हती. गोरक्षने तिथल्या तिथे उपाय मांडला. "प्रत्येक चालकाला स्वतःची वेगळी नळी देतो. काढून खिशात ठेवायची. पुसायचं कामच नाही, उष्ट्याचा प्रश्नच मिटला."

प्रज्ञाने हरकत शोधून पाहिली. तांत्रिक हरकत नव्हती. आरोग्याच्या दृष्टीने वेगळी नळी उत्तमच होती. कोणतेही पाठ्यपुस्तक तिला दुजोरा देईल. एक माणूस बाटलीभर स्पिरिट वापरून जे वेगळेपण साधत होता, ते आता परवान्याची अट म्हणून प्रत्येक गाडीत पोचणार होते, आणि त्यावर सही तिची लागणार होती. तिने सही केली. न करण्यासाठी तिच्याकडे जे कारण होते, त्याला समितीच्या नमुन्यात रकाना नव्हता.

आसाराम कामावर परत आला. माळ राहिली. भजनी मंडळींनी त्याला सन्मानाने जागा दिली. राहीबाई नवऱ्यासोबत पाथर्डीला निघून गेली होती. तिला कोणी काही कळवले नाही आणि काय कळवावे हेही कोणाला ठरवता आले नसते.

अहवाल पुरा करायच्या दिवशी आसाराम प्रयोगशाळेच्या दाराशी आला. या वेळी तो आत आला आणि तिने न सांगताच स्टुलावर बसला.

"मॅडम, स्वच्छतेसाठी पुसली, एवढं लिवा. बाकी लिहू नगा. म्या रखमाजीला कधी अरेकारे केलं न्हाई. इचारा त्याला."

"विचारलं. ते तसंच म्हणाले."

"मग?"

तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. तो कपाकडे पाहत राहिला. चहावर साय धरली. बऱ्याच वेळाने तो उठला, नमस्कार करून गेला. कप होता तिथेच राहिला.

कामगार अधिकाऱ्यांनी तिला सुचवले होते, की कारणाच्या जागी एकच वाक्य पुरे: नळीवर स्पिरिट राहिल्यामुळे. ते वाक्य खरे होते. पण जिथवर पुरावा नेतो तिथवर कारणाचा पाठपुरावा करायचा, एवढेच तिला विज्ञानाने शिकवले होते. हा अहवाल कपाटात जाणार आणि तो कोणी वाचणार नाही, हे तिला ठाऊक होते. तिने कारणाच्या जागी लिहिले:

नळी स्पिरिटने पुसल्यामुळे तिच्यात अल्कोहोलची वाफ राहत होती. कुलूप त्या वाफेमुळे बंद होत होते, चालकाच्या श्वासामुळे नव्हे. चालक आसाराम नळी पुसत असे, कारण तिला आधी रखमाजीचे तोंड लागलेले असे आणि रखमाजी बौद्ध आहे.