केळीवालीचा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा, तोंड पसरलेला, आता गंजाने भोके पडलेला. बात्तमबांगच्या एका कारागिराने मला घडवले आणि सारुनच्या बँडने मला विकत घेतले. मुलांनो, तेव्हा आमच्या कंबोडियात लग्न म्हणजे गिटार, ड्रम आणि नाच. मला मांडवाजवळच्या ताडावर टांगत. सारुन गिटार वाजवी, त्याची धाकटी बहीण रुमदुल गाई. माझ्यातून तिचा आवाज निघाला की शेजारच्या गावचे लोक आमंत्रण नसतानाही येत.

"वऱ्हाडी कमी, फुकटे जास्त," सारुन कुरकुरे.

"दादा, ते मला ऐकायला येतात."

"भात मात्र आपला संपतो!"

मग काळ्या कपड्यांतले सैनिक आले. त्यांनी शहर रिकामे केले. गाणारे, वाजवणारे, शिकलेले त्यांना जिवंत नको होते. वाटेत सैनिकांचा नाका यायच्या आधीच सारुनने गिटार नदीत सोडली. मलाही सोडणार होता, पण रुमदुलने त्याचा हात धरला. "हा राहू दे, दादा. माझा गळाच आहे तो."

मला केवढा अभिमान वाटला! तेव्हाच बुडालो असतो तर बरे झाले असते.

एकाला पकडले की घरच्यांनाही नेत. म्हणून दोघांनी नाते लपवले. आम्ही एका बाजारातले केळीवाले, असे सांगितले.

"केळी विकायला कर्णा?" सैनिकाने विचारले.

"गिऱ्हाईकं बहिरी असतात," सारुन म्हणाला. सैनिक हसला आणि त्याने वाट सोडली.

शेतावर राबवायच्या छावणीत सैनिकांनी मला चिंचेवर टांगले. तिथे दादा, ताई, आई म्हणायला बंदी होती. सगळ्यांनी एकमेकांना 'मित' म्हणायचे. मित म्हणजे मित्र. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ती त्यामुळेच. माझ्यातून घोषणा आणि कवायतीची गाणी वाजत. बांधापलीकडे माणसे मारताना माझा आवाज वाढवीत, म्हणजे किंकाळ्या शेतात पोचत नसत.

एकदा भाताची लावणी चांगली केली म्हणून प्रमुखाने रुमदुलला सभेत घोषणा द्यायला उभे केले. ती माईकपाशी आली. सवयीने तिने नखाने माईकवर टिचकी मारली, वीतभर मागे सरली आणि मान किंचित कलती केली. ती टिचकी मी साऱ्या शिवारात ऐकवली.

प्रमुख हळूच म्हणाला, "मित, केळी विकता विकता माईकशी एवढी दोस्ती कशी झाली?"

त्याने सारुनकडे बोट केले. "हा तुझा कोण?"

"कोणी नाही. बाजारात शेजारी बसायचा. सडकी केळी विकायचा मेला."

माणसे हसली. प्रमुखाने सारुनला तेच विचारले. सारुन खाली बघत म्हणाला, "मित आहे. बाकी काही नाही."

तिला बांधापलीकडे नेले. कोणीतरी माझा आवाज वाढवला. ती शेवटी काय ओरडली, हे तिच्या भावाला मी ऐकू दिले नाही.

पुढे ती राजवट गेली. सारुन वाचला. त्याने मला उतरवले, घासले, तेल लावले. कुठून तरी रुमदुलच्या गाण्याची एक खराब झालेली कॅसेट मिळवली आणि नव्या वर्षाच्या सणाला माझ्यातून लावली. तिचा आवाज निघाला. नाचायला कोणी उठले नाही. कोणी कान झाकले, कोणी मटकन खाली बसले.

"बंद कर रे बाबा!" एक म्हातारी ओरडली. "हा वाजला की माझा पोरगा परत मरतो."

"मावशी, ही माझी बहीण गातेय."

"गाऊ दे. पण याच्या तोंडून नको."

सारुनने खटका बंद केला.

मुलांनो, आम्हाला जपा, असे जुन्या वस्तू नेहमी सांगतात. मला जपू नका. माझा गंज घासू नका. रुमदुलचे गाणे मात्र सारुनकडून शिकून घ्या. त्याचा आवाज आता बसत चालला आहे. आपल्या तोंडाने म्हणा ते गाणे, जवळच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मला मधे घेऊ नका.