कुरोइवा सरांची जन्मतारीख

मत्सर माझ्या स्वभावात नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या बढतीकडे किंवा कुणाच्या आदर्श शिक्षक पुरस्काराकडे वाकड्या नजरेनं पाहिलेलं नाही. त्या पुरस्कारांच्या तारखा, देणाऱ्यांची नावं आणि शालींचे रंग मला पाठ आहेत, ते केवळ स्मरणशक्ती चांगली म्हणून.

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालेले कुरोइवा सर साडेअकरा फूट उंच होते आणि काळ्या शाईनं काढलेले होते. ते एका जपानी मारामारीच्या चित्रकथेतून आले होते. तिथेही ते मुख्याध्यापकच होते, असं त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यावर लिहिलं होतं. दाखला ठीक होता. मी स्वतः तपासला. दोनदा.

सेवाज्येष्ठतेनं ती खुर्ची माझी होती. मी उपमुख्याध्यापक, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. कार्यालयात मुख्याध्यापकांच्या नावांचा लाकडी फलक आहे. त्याला तीन रकाने: नाव, पासून, पर्यंत. खाली दोनच ओळी मोकळ्या होत्या. मुजावर पेंटरनं मे महिन्यातच वरची ओळ फूटपट्टीनं मोजून ठेवली होती. "वाळिंबे सर, तुमचं नाव झकास बसतंय बघा," असं तो म्हणाला होता.

कुरोइवा सर कार्यालयात वाकून शिरले आणि त्यांचं नाव त्या ओळीत आपोआप उमटलं. अक्षरं इतकी जाड की फळीच्या कडेबाहेर वीतभर आली. 'पासून'मध्ये तारीख पडली. 'पर्यंत' कोरं राहिलं.

हुलवान क्लार्कनं सेवापुस्तक उघडलं.

"वडिलांचं नाव?"

सरांच्या डोक्यावर एक पांढरा फुगा आला आणि त्यात अक्षरं दिसली: "पर्वत."

"आईचं?"

"वादळ."

हुलवाननं दोन्ही लिहून घेतलं. "जन्मतारीख?"

फुगा रिकामाच राहिला.

"असू द्या, असू द्या. सावकाश सांगा सर," हुलवान म्हणाला. याच हुलवाननं मला बी.एड.च्या मूळ गुणपत्रकासाठी चार वेळा पुण्याला पिटाळलं होतं.

जन्मतारीख नाही म्हणजे अठ्ठावन्न नाही. अठ्ठावन्न नाही म्हणजे निवृत्ती नाही. मी हे तोंडाबाहेर काढलं नाही. पण त्याच क्षणी माझ्याभोवती जमिनीवर एक काळी चौकट आखली गेली. आठ फरश्या लांब, आठ फरश्या रुंद. मी चाललो की ती बरोबर चाले. बाहेर यायचं म्हटलं तर पाय रेषेला अडे. बाकीच्यांनाही आपापल्या चौकटी मिळाल्या, पण त्या ऐसपैस होत्या. कुरोइवा सरांना चौकट पुरतच नसे. त्यांचा एक खांदा कायम रेषेबाहेर असे.

शाळेचं फाटक नऊ वर्षं अर्धंच उघडत होतं. त्याबद्दल मी संस्थेला सात पत्रं लिहिली होती. सरांनी फुंकर मारली, फाटक उघडलं. एवढं काय त्यात, असं मी मनात म्हणालो, तशी चौकटीची एक रांग कमी झाली. सात बाय सात.

सर चहाचा कप बशीत ठेवत, तेव्हा टेबलावर कमरेएवढी अक्षरं उभी राहत: धडाम. शिपाई दुपारी ती झाडून गोळा करी आणि मुतारीमागे ढीग लावी. मी घरी कप ठेवून पाहिला. मग जोरात ठेवून पाहिला. मग आपटला.

"काय फोडताय आत?" स्वयंपाकघरातून शैला म्हणाली. शैला माझी बायको.

"काही नाही. सराव करतोय."

"कुरोइवा सर म्हणे नुसता कप ठेवतात आणि खिडक्या हलतात. खरंय का हो?"

सहा बाय सहा.

परिपाठाला मी वर्षानुवर्षं वक्तशीरपणावर पंधरा मिनिटं बोलत आलो. सर पहिल्या दिवशी एकच शब्द बोलले: "उठा." मुलं उठली. कंपाउंडबाहेर बसलेले पालक उठले. समोरच्या सरकारी दवाखान्यात तीन पेशंट उठले, त्यांतला एक घरी चालत गेला. तपासणीला आलेले विस्तार अधिकारी माझं पाठांचं टाचण पाहत होते, त्यांनी ते मिटलं आणि मैदानात जाऊन रांगेत उभे राहिले. त्यांच्या गालावर अश्रूंच्या सरळ रेषा काढलेल्या मी पाहिल्या. माझं टाचण चांगलं असतं. लाल आणि निळ्या शाईत असतं.

पाच बाय पाच.

डिसेंबरात हुलवान सेवापुस्तक घेऊन माझ्याकडे आला. सेवापुस्तकांची तपासणी लागली होती.

"सर, मोठ्या सरांची जन्मतारीख कोरी राहिलीय. काय टाकू?"

हे त्यानं मलाच विचारणं साहजिक होतं, कारण आमच्या गावात जन्मतारखा शाळाच देते. आईबाप मुलाला घेऊन येत, तारीख विचारली की "लई पाऊस होता" किंवा "म्हस व्याली त्या आठवड्यात" असं सांगत, आणि गुरुजी एक जून लिहीत. निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. मीसुद्धा. आई सांगायची त्याप्रमाणे मी दिवाळीतला, पण माझे गुरुजी घाईत होते.

"एक जून," मी म्हणालो. "दुसरं काय."

"आणि साल?"

मी पेन त्याच्या हातातून घेतलं. माझ्या जन्मसालाच्या एक वर्ष आधीचं साल लिहिलं. येत्या एकतीस मेला अठ्ठावन्न पूर्ण. मग एक वर्ष माझं. शेवटची ओळ माझी. मी खाली सही केली आणि शाईवर फुंकर मारली. आत कार्यालयात सरांच्या कानशिलावर पिकल्या केसांची एक पांढरी रेष आली. दाराच्या फटीतून मला ती दिसली.

ते वाकून बाहेर आले. मला वाटलं, आता मारतात. त्यांच्या मागच्या भिंतीवर वेगाच्या रेघाही उठल्या होत्या. त्यांनी सेवापुस्तक चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं.

"माझा जन्म झाला?" फुग्यात उमटलं.

"हो सर. एक जूनला."

ते गुडघ्यांवर बसले तेव्हा आमची डोकी एका उंचीवर आली. मग त्यांनी कपाळ फरशीला टेकवलं. फरशी तडकली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्यांनी जाहीर केलं: "वाळिंबे सरांनी मला जन्म दिला." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मान झुकवली, पण मुलं त्यांच्याकडे बघत होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मोठे सर एक जूनचे, म्हणजे आपलेच. माणसं रस्त्यात थांबून एकमेकांना सांगू लागली: "आपला एकच वाढदिवस की राव!" माझाही वाढदिवस एक जूनलाच असतो. एकतीस वर्षांत स्टाफरूममध्ये कुणी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात दोन रांगा गेल्या. तीन बाय तीन.

मी वाट पाहत राहिलो. वाट पाहायला जागा फार लागत नाही. मार्चमध्ये माझ्या शर्टावरच्या रेघा गेल्या, मग बटणं. एप्रिलमध्ये शैलानं ताट वाढता वाढता माझ्याकडे निरखून पाहिलं.

"अहो, तुमचं नाक कुठंय?"

"आहे."

"दिसत नाही."

"सध्या मी दुय्यम आहे," मी म्हणालो. "मेअखेरपर्यंत."

"आणि मग?"

"मग नाक येईल. नाव येईल. तुला फलक दाखवायला नेईन."

"बरं," ती म्हणाली. तिच्या हातात शिवण होतं. बारा पांढऱ्या चादरी एकमेकींना जोडून ती शाल शिवत होती. निरोप समारंभाची. मला एकदा गुणवंत शिक्षक म्हणून शाल मिळाली होती, तिला काठाला भोक होतं. ते शिवायचं अजून राहिलंय.

दोन बाय दोन.

एकतीस मेला शाळेला सुट्टी होती. तरी न बोलावता अकराशे चाळीस मुलं गणवेशात आली. शाळा भरते त्या दिवशीही आमच्याकडे इतकी मुलं येत नाहीत. संस्थेच्या अध्यक्षांनी शिडीवर चढून शाल पांघरली. नारळ दिला, तो सरांच्या नजरेनंच फुटला. मग कार्यभार सोपवण्याचा कागद आला. सरांनी सही केली. सहीला आवाज झाला. मी माझी सही केली.

"वाळिंबे सर," फुग्यात आलं, "शाळा तुमची."

"आभारी आहे सर. तुम्ही निघा. उन्हं वाढतील."

ते फाटकाकडे चालू लागले. पलीकडे रस्ता नव्हता. पलीकडे मोठं पांढरं पान होतं आणि त्यावर टोकदार किरणांचा सूर्य. पहिल्या रांगेतली मुलं त्यांच्यामागे निघाली. फाटकाशी पोचली तशी त्यांच्या रिबिनींचा लाल रंग गेला, मग गणवेशांचा निळा. शाईची झाली आणि पुढे चालत राहिली. दुसरी रांग गेली. पाचवी गेली. बालवाडी एकमेकांचे शर्ट धरून गेली. मी ओरडलो, पण माझ्या चौकटीबाहेरच्या पांढऱ्या पट्टीत आवाज बुडाला.

शेवटी हुलवान एक पाय उचलून उंबऱ्याशी उभा होता.

"हुलवान, कुठं निघालात?"

"जरा बघून येतो सर."

एक जूनला सकाळी मी कार्यालयात गेलो. मुजावर डबा आणि कुंचला घेऊन आला होता. त्यानं फलकावर शेवटच्या ओळीत माझं नाव लिहिलं. शांतपणे, बारीक अक्षरांत. माझ्या चेहऱ्यावर नाक आलं. 'पासून'मध्ये त्यानं एक जून लिहिलं.

मी खुर्चीत बसलो नाही. चौकटीत खुर्ची मावत नव्हती. उभ्यानंच मुख्याध्यापक म्हणून पहिला कागद हातात घेतला. तो पटाचा अहवाल होता. मुलगे शून्य. मुली शून्य. एकूण शून्य. शून्य पटाची शाळा नियमानुसार त्याच दिवसापासून बंद होते, आणि तसं मुख्याध्यापकानं सहीनिशी कळवायचं असतं. हा नियम मला पाठ आहे. मी सही केली. सही सुंदर आली.

"'पर्यंत'मध्ये काय टाकू सर?" मुजावरनं विचारलं.

"एक जून."

"मोठ्या सरांचा वाढदिवस तो."

"माझाही."

"हो का?" मुजावर म्हणाला आणि कुंचला पुसला. "जरा बाजूला सरता का? उजेड अडतोय."

मी एका फरशीवर उभा होतो. मला बाजू नव्हती. उजेड माझ्यामुळे अडतही नव्हता. वरच्या ओळीतली जाड अक्षरं फळीबाहेर आली होती, त्यांची सावली माझ्या नावावर पडत होती. मुजावरनं अंदाजानं तारीख लिहिली.

रंग वाळायला दोन दिवस लागतील, असं तो म्हणाला.